पूर्णेपलीकडील एक संध्याकाळ

वऱ्हाडांत येणारा प्रवासी शेगांवीं श्रीगजानन महाराजांच्या समाधीचें दर्शन घेतो आणि परतीच्या गाडीची वेळ पाहूं लागतो. उत्तरेस पूर्णा ओलांडून पुढें जाणारे थोडेच. २०१२ सालच्या दिवाळीनंतर आम्ही मात्र ती ओलांडली. कारण संग्रामपूर तालुक्यांतील वरवट बकाल या गांवीं आमचे एक महाविद्यालयीन मित्र राहत होते, आणि त्यांचें एक देणें आमच्याकडे पंचवीस वर्षें थकलें होतें.

रस्त्याच्या दोहों बाजूंस काळीभोर जमीन, फुटलेल्या बोंडांनीं पांढरी झालेली कपाशी, आणि समोर सातपुड्याची निळसर रांग. पाहणारास वाटावें कीं येथें कशाचीच वाण नसेल! परंतु पूर्णेच्या खोऱ्यांतील हा खारपाणपट्टा. विहीर खणावी तों खारें पाणी लागतें. तें ना धड पिण्याच्या उपयोगाचें, ना पिकाच्या. शेतकऱ्यानें पावसाकडे डोळे लावून बसावें, हेंच खरें. आमच्या मित्रांच्या वडिलांनीं अशीच शेती केली, आणि १९८७ सालीं ते अकस्मात् वारले, तेव्हां मित्रांना मुंबई सोडून ती हातीं घ्यावी लागली.

मुंबईस आमचें चौघांचें एक हौशी वाद्यवृंद-मंडळ होतें. मित्र गिटार वाजवीत, आम्ही ढोल. अमेरिकेंतील तरुण मोटारीच्या खोलींत वाद्यें बडवितात, तसे आम्ही एका चाळीच्या गच्चीवर जमत असूं. आमचें दैवत म्हणजे १९८४ सालीं मुंबईंत निघालेलें ‘रॉक मशीन’. आरंभीं परक्यांचीं गाणीं वाजविणाऱ्या या मंडळीनें पुढें स्वतःचीं गाणीं रचलीं, १९८८ व १९९० सालीं ध्वनिमुद्रिका काढल्या, आणि १९९३ सालीं ‘इंडस क्रीड’ असें नांव घेतलें. १९९७ सालीं मात्र तें मंडळ मोडलें.

आमचें त्याच्या कितीतरी आधीं मोडलें होतें. निरोप देतांना आम्हीं मित्रांस वचन दिलें होतें कीं, “तूं येईपर्यंत तुझी जागा राखून ठेवूं.” दोन महिन्यांतच आम्हीं ढोल विकला, तें कळविण्याचें धैर्य मात्र कधींच झालें नाहीं.

संध्याकाळीं ओसरीवर बसल्यावर आम्हीं पिशवींतून नवी तबकडी काढली. ‘इंडस क्रीड’ २०१० सालीं पुन्हां एकत्र आलें होतें, आणि त्याच वर्षीं, म्हणजे २०१२ सालीं, ‘इव्हॉल्व्ह’ हा त्यांचा नवा संग्रह निघाला होता. आधींच्या संग्रहानंतर तब्बल सतरा वर्षांनीं! गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर व पेटीवर झुबिन बालापोरिया हे जुने, बाकीचे नवे.

मित्रांनीं संपूर्ण तबकडी मुकाट्यानें ऐकली. शेवटीं म्हणाले, “पूर्वीची घाई नाहीं राहिली रे यांच्यांत.” आम्हांस वाटलें, त्यांस आवडलें नाहीं. पण क्षणभरानें तेच पुढें म्हणाले, “बरें झालें. पंचविशींतलें सोंग आणलें असतें, तर मी उठून गेलों असतों.”

तेव्हां आम्हीं ढोलाची हकीकत सांगितली. मित्र हंसले. “मला तेव्हांच कळलें होतें. तुझ्या पत्रांत ढोलाविषयीं अक्षर नसे.”

आंतून वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, यांची गिटार अजून माळ्यावर आहे. दर दिवाळीला पुसतात आणि पुन्हां ठेवतात.”

गिटार खालीं आली. तारा गंजल्या होत्या. एक तर पिळतांच तुटली. शेतीनें राठ झालेलीं बोटें उरलेल्या तारांवर अडखळत फिरूं लागलीं. सूर बेसूरच होता; पण आम्हीं समोरच्या पाटावर बोटांनीं ठेका धरला, आणि तोही दोनदां चुकला. अंगणांत शेजारचीं मुलें जमून खुशाल हंसत होतीं.

दुसरे दिवशीं निघतांना मित्र इतकेंच म्हणाले, “मुंबईहून तारांचा एक संच पाठव.” या वेळीं आम्हीं विलंब केला नाहीं, शेगांवीं गाडींत बसण्यापूर्वींच मुंबईच्या दुकानास दूरध्वनि केला.

वाचकहो, आपल्याही माळ्यावर असें कांहीं असेल. मोठ्या मंडळींस सतरा वर्षें लागलीं, आम्हांस पंचवीस. जुनें वय परत येत नाहीं, हें खरें. पण थकलेलें देणें फेडावयास तें यावें लागतेंच असें नाहीं.