थांबलेले ट्रक, चालती घरं

घरात मुलं लहान आणि आईबाप दोघंही नोकरीला, अशा घराला येणारा-जाणारा एकच सल्ला देतो: मन घट्ट करा. आमच्या सर्वणमध्ये, खरं तर गोव्यातल्या अख्ख्या डिचोली तालुक्यात, घट्ट मनाची परीक्षा दोनदा झाली. २०१२ साली खाणी बंद पडल्या. मधे थोडंफार काम सुरू झालं, तोवर ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. खनिज वाहायला कर्ज काढून घेतलेले ट्रक माडांखाली उभे राहिले. टायरांभोवती गवत माजलं, हौद्यात पावसाचं पाणी साचलं. खाणींनी इथली शेतं लाल गाळाने भरली हे मी विसरलेले नाही. पण अनेकांच्या ताटातलं शीत त्याच खाणींच्या धुळीतून येत होतं.

त्या दिवसांत वाड्यावरची घरं मी जवळून पाहिली. काही घरांत बाप गप्प झाला. हप्त्याचा विषय निघाला की दार लोटलं जाई आणि मुलं दाराला कान लावून बसत. आणि एका घरात बापाने जेवतानाच सांगून टाकलं, "ट्रक उबो आसा. औंदा चवथीक नवे कपडे नात." धाकटी रडली, थोरला ताटावरून उठला. दुसऱ्या दिवशी दोघंही बापाबरोबर ट्रक धूत होती. त्यांची आई पुढे डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागली, तेव्हा सकाळचा चहा कोणी करायचा हे मुलांनीच ठरवलं.

सोसण्याची ताकद म्हणून मी जे ओळखते ते हेच. घरातलं ओझं घरातल्यांना ठाऊक असणं.

माझी नोकरी म्हापशात. संध्याकाळची बस अस्नोडा, मुळगाव करत डिचोलीला येते, पुढे सर्वण. घरी पोचते तेव्हा बोलण्याचं त्राण नसतं. पूर्वी मुलगा विचारायचा, "आई, तू रागावलीस?" आता मी उंबऱ्यावरच सांगते, "रागावले नाही रे, दमलेय. जरा गप्प बसू दे." तो लोटीभर पाणी ठेवतो आणि आजीकडे पळतो. थोड्या वेळाने आपणहून येऊन शाळेतलं भांडण सांगतो.

एका वर्षी गणेश चवथीच्या आदल्या दिवशी रजा मिळाली नाही. घरी आले तर गणपतीवरची रानफळांची माटोळी जवळजवळ बांधून झालेली: आंबाडे, कांगलं, घागऱ्या, सुपारीचे घोस, सगळं केवणीच्या दोरांनी आवळलेलं. मुलाला घेऊन रानात मी जायला हवं होतं. शेजारच्या काकांनी त्याला सोबत नेलं होतं. मधली एक जागा रिकामी होती. काकी म्हणाल्या, "तुजेखातीर नाल्ल दवरला." स्टुलावर चढून मी तो नारळ बांधला. मुलगा खालून दोर पुरवत होता, गाठ कशी मारायची ते मलाच शिकवत होता. दिवसभराची चडफड कुठे गेली ते कळलं नाही.

पण सगळ्यांच्या घरी आजी नसते, शेजारी काका-काकी नसतात. भाड्याच्या खोलीत राहून पाळीवर जाणाऱ्या आईला मन घट्ट करायला सांगणं मला निर्दय वाटतं. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा आली. पन्नास किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याचा हक्क मिळाला. वसाहतीतल्या ज्या कारखान्यात तीस-चाळीस माणसं आहेत, तिथल्या आईला मात्र ही सक्ती उपयोगाची नाही. आस्थापनांनी मिळून सामाईक पाळणाघर चालवायची मुभा कायद्यात आहे. लहान कारखानदारांनी आणि पंचायतींनी ती वाट धरावी. डिचोलीपासून सुरुवात करा. जागेसाठी, वर्गणीसाठी घरोघर फिरायला आम्ही आया तयार आहोत.