न्हाणीघरातली फरशी

नाशिकच्या न्हाणीघरांतल्या फरश्या फक्त सुनांसाठीच निसरड्या असतात की काय, कोण जाणे! पंचवटीत तीस वर्षे माझा दवाखाना होता. "पाय घसरला हो, डॉक्टरीणबाई," हे वाक्य मी किती जणींच्या तोंडून ऐकले, त्याची मोजदाद नाही.

त्यांतली एक अजून मनातून जात नाही. १९९६ सालची वसुबारस. डोळ्याखाली काळेनिळे, दंडावर चार बोटांचे वळ. शेजारच्या खुर्चीवर नवरा. मी मलम लिहून दिले आणि वर शहाणपण शिकवले, "जपून चालावं, सणासुदीचे दिवस!" तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले. पुन्हा काही ती आली नाही.

"जरा बाहेर बसा, यांना तपासायचंय," एवढे त्या गृहस्थांना सांगायला काय हरकत होती? पण दुसऱ्याच्या संसारात डोकावू नये, हे बाळकडू मीही प्यायले होतेच ना!

पुढे वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातल्या 'दिलासा' केंद्राविषयी कळले. मुंबई महापालिका आणि 'सेहत' संस्थेने ते २००० साली सुरू केले, तेही रुग्णालयाच्या आतच. किती शहाणपणाची गोष्ट! पोलीसचौकीची पायरी चढायला बाई कचरते. दवाखान्यात मात्र तिला घरचेच आणून सोडतात.

मग मीही रीत बदलली. बाईला एकटीला आत घ्यायचे, सरळ विचारायचे, सांगेल ते खरे मानायचे. "यात तुझी चूक नाही," हे म्हणायचे. जखमांची नीट नोंद ठेवायची. उद्या कोर्टात तोच तिचा आधार. आज रात्री घरी जिवाला धोका नाही ना, हे पाहायचे. पुढचा निर्णय मात्र तिचा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याप्रमाणे तर अशा बाईने उपचार मागितले, की दवाखान्याने ते दिलेच पाहिजेत.

एकीला असेच विचारले. "छे हो, पडलेच मी," म्हणून ती निघून गेली. चार महिन्यांनी आपण होऊन आली, दार लोटून घेतले आणि सगळे सांगितले. जाताना म्हणाली, "बाई, तुम्ही विचारलंत ना, त्याच दिवशी ठरवलं होतं, सांगायचं तर इथंच. धीर व्हायला एवढे दिवस लागले."

मला एकदम ती वसुबारस आठवली. तिला मी विचारलेच नव्हते.