केशरी वायरच्या अलीकडे

जानेवारीतल्या त्या रात्री साडेअकराला मी कामावरून सुटले. थंडी शून्याच्या बरीच खाली होती. आमची २००८ ची प्रियस दारापाशी हात नेला की एरवी आपणहून उघडते. त्या रात्री ती उघडलीच नाही. रिमोटच्या पोटात लपवलेली लोखंडी किल्ली काढून दार उघडलं आणि पॉवरचं बटण दाबलं. डॅशबोर्डवर नको नको ते दिवे लुकलुकले, कुठेतरी टकटक झालं आणि सगळं विझलं.

सोबतची सहकारी म्हणाली, "हायब्रिड ना? म्हणजे बॅटरी गेली. दोन-अडीच हजार डॉलरची तयारी ठेव." तिनेच मला एडिसनला घरी सोडलं. नवऱ्याची नोकरी नोव्हेंबरात गेली होती. अडीच हजार हा आकडा उशाशी घेऊन झोप येण्यातली नव्हती.

सकाळी सातला माझ्या वडिलांना, अप्पांना, व्हिडिओ कॉल लावला. इस्लामपुरात तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. अप्पांनी एकतीस वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये काढली, पण हायब्रिड गाडी त्यांनी कधी उघडलेली नाही. त्यांनी विचारलं, "स्टार्टर फिरल्याचा आवाज आला का?"

"अप्पा, हिला स्टार्टरच नाही."

"मग डायनॅमो?"

"तोही नाही."

ते थोडा वेळ गप्प राहिले. "मग बारकी बॅटरी ठेवलीय कशाला?"

हा प्रश्न त्यांनी विचारला नसता तर मी नेमकी गोष्ट शोधली नसती. या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. मोठी निकेल-मेटल हायड्राइडची, २८ मॉड्यूलची, २०१.६ व्होल्टची. ती मागच्या सीटच्या पाठीमागे असते आणि इंजिन फिरवण्याचं काम तिचंच. दुसरी साधी १२ व्होल्टची. सुरू करताना तिने फक्त गाडीतले संगणक जागे करायचे आणि मोठ्या बॅटरीचे रिले जोडून द्यायचे. एकदा 'रेडी' दिवा लागला की पुढे मोठी बॅटरीच कन्व्हर्टरमधून धाकटीला चार्ज करते. धाकटी मेली तर मोठी भरलेली असूनही कुलपाआड बसून राहते.

अप्पा म्हणाले, "म्हणजे स्टार्टरचा मार हिला नाहीच. म्हणून ती कुरकुर न करता एकदम जाते." तसंच झालं होतं. इंजिन जड फिरतंय वगैरे पूर्वसूचना मिळायची सोयच नाही.

गाडी आणायला आमच्या कॉम्प्लेक्समधले पटेलकाका त्यांची गाडी घेऊन आले. डिकी विजेवर उघडते, त्यामुळे ती बंदच होती. मात्र बोनेटखाली फ्यूजच्या डब्यात जंप देण्यासाठी एक टोक दिलेलं असतं, त्यावर लाल झाकण. काकांनी सवयीने काळा चिमटा उचलला आणि त्याच टोकाकडे नेला. मी त्यांचा हात धरला. वयाने वडीलधारा माणूस, मदतीला आलेला, त्याचा हात धरणं सोपं नव्हतं. पण उलट जोडणी झाली असती तर जाड फ्यूज तरी उडाला असता, नाहीतर इन्व्हर्टर जळाला असता, आणि अडीच हजार खरोखरच लागले असते. लाल टोकाला लाल लावला, काळा इंजिनजवळच्या उघड्या बोल्टला. मिनिटभरात 'रेडी' लागलं. मोठी बॅटरी ठणठणीत होती.

लोक केशरी वायरींना घाबरतात. घाबरावंच; केशरी रंग म्हणजे उच्च दाब, आणि त्या वायरींच्या कव्हरला मी बोटही लावलं नाही. पण गाडी बंद असताना मोठी बॅटरी रिलेंमुळे तुटलेली असते, आणि धाकटी बदलताना केशरी वायरपर्यंत जावंच लागत नाही. घात होतो तो १२ व्होल्टकडे "त्यात काय" म्हणून पाहिल्यामुळे.

पंधरा डॉलरचा मल्टिमीटर घेतला. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत ११.४ व्होल्ट दिसले. भरलेली बॅटरी १२.६ च्या वर हवी. दिवे लावून पाहिले तर आकडा साडेदहाखाली घसरला. एका गॅरेजने बदलण्याचे सव्वाचारशे डॉलर सांगितले. दुकानात साधी ॲसिडची बॅटरी शंभराच्या आत मिळत होती. मी ती घेतली नाही. ही बॅटरी डिकीच्या उजव्या कोपऱ्यात, म्हणजे माणसं बसतात त्याच हवेत असते. तिथे एजीएमच हवी, आणि तिच्यातून निघणारा हायड्रोजन बाहेर नेणारी नळीही. योग्य मापाची, ४५ अँपिअर-अवरची एजीएम एकशे नव्वदला मिळाली. वर जुनी परत आणेपर्यंत बावीस डॉलर अनामत. पैसे वाचवायचे ते मजुरीत. बॅटरीच्या जातीत नाही, हे माझं ठाम मत आहे.

शनिवारी सकाळी डिकी उघडली आणि फोन सीटवर टेकवून ठेवला. अप्पांनी आधी माझे हात बघितले. "बांगड्या काढ. अंगठी काढ. मंगळसूत्रही." त्यांच्या डाव्या मनगटावर एक गोल पांढरा डाग आहे. लहानपणापासून मी तो बघत आले. घड्याळाचा धातूचा पट्टा बॅटरी आणि बॉडीच्या मध्ये आला होता, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

रिमोट घरात ठेवला, चुकून गाडी जागी होऊ नये म्हणून. तळाची फळी आणि बाजूचा ट्रे काढला. दहा नंबरच्या पान्याने आधी निगेटिव्ह. ते टोक मोज्यात गुंडाळून बाजूला दाबलं. मग पॉझिटिव्ह, मग पट्टी, मग नळी. पॉझिटिव्हच्या क्लॅम्पवर निळसर-पांढरी पूड बसली होती. हातमोजे घालून सोड्याच्या पाण्याने ब्रशने घासली, पुसून कोरडी केली. बॅटरी पंधरा किलोच्या आतबाहेर, पण वाकून, हात लांब करून उचलायची म्हणून जड जाते. नवऱ्याने दुसरी बाजू धरली.

नवी बसवताना क्रम उलटा. नळी आठवणीने जोडली. पॉझिटिव्ह आवळताना अप्पा ओरडले, "पुरे! शिसं आहे ते, चिरडेल." शेवटी निगेटिव्ह, टेकताना बारीक ठिणगी उडाली. तीही अपेक्षितच, आतले संगणक करंट ओढतात. तोवर डिकी उघडीच ठेवली होती, नाहीतर सीटवरून रांगत जाऊन आतली कळ दाबावी लागली असती.

मीटरवर १२.८. 'रेडी' लागल्यावर १३.९.

"चार्जिंग घेतीय," अप्पा म्हणाले. दुपारी जुनी बॅटरी परत दिली आणि बावीस डॉलर घेऊन आले.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला, त्यांच्याकडे पहाट होती. "ती केशरी वायर दाखव की एकदा. लांबूनच." पार्किंगमध्ये जाऊन बोनेट उघडलं आणि टॉर्च धरला. अप्पांनी चष्मा लावला, फोन जवळ घेतला आणि बराच वेळ बघत राहिले.