जिटर आणि भांडी

"तू ऑफिसात नक्की काय करतोस रे?" हा प्रश्न आई मला नोकरी लागल्या दिवसापासून विचारते आहे. एकदा कंटाळून मी सांगून टाकलं, "उशीर मोजतो."

"त्यासाठी इंजिनिअर कशाला व्हायला हवं?" असं म्हणून तिने भिंतीवरचं कॅलेंडर माझ्यापुढे धरलं. आमच्या भांडीवाल्या बाई रोज किती वाजता आल्या, त्याची पेन्सिलीने नोंद होती. सात पाच, सात सव्वीस, सात तीन, सात चोवीस... हेतू संशोधनाचा नव्हता. पहिल्या तारखेला बाईंचे दोनशे रुपये कापायचे होते.

माझा उशीर मात्र जरा बारीक असतो. सेकंदाला 1000 कोटी बिट पाठवायचे म्हटले, की एकेकाच्या वाट्याला 100 पिकोसेकंद येतात. तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम तीन सेंटिमीटर जातो. आता प्रत्येक बिटाने अगदी ठोक्याला हजर व्हावं, ही आमची अपेक्षा. आणि कोणी किंचित आधी, कोणी किंचित नंतर यावं, हा त्यांचा स्वभाव. या चुळबुळीला जिटर म्हणतात. असे हजारो बिट ऑसिलोस्कोपवर एकावर एक रचले, की पडद्यावर उघड्या डोळ्यासारखी आकृती दिसते. जिटर वाढला की डोळा मिटत जातो, आणि पुरता मिटला की समोरच्याला शून्य कुठलं आणि एक कुठला, ते कळत नाही. (जेवणानंतरच्या मीटिंगमध्ये माझंही हेच होतं.)

त्याच आठवड्यात मी एका नव्या मुलीने बनवलेलं सर्किट 'जिटर फार' असा शेरा मारून परत केलं होतं. आमचे साहेब म्हणाले, "किती ते कळलं. कसा आहे?" मी गप्प. मग त्यांनी आलेख काढायला लावला : आडव्या रेघेवर वेळ आणि उभ्या रेघेवर त्या वेळी किती जण आले ते. निघाल्या दोन टेकड्या!

खरा रँडम जिटर असता, तर मधोमध एकच टेकडी आली असती आणि तिचे उतार दोन्हीकडे लांबवर पसरले असते. हा प्रकार इलेक्ट्रॉनांच्या उष्णतेतल्या धडपडीतून येतो, आणि त्याला कमाल मर्यादा म्हणून नसते. जितका वेळ बघत बसाल, तितका मोठा उशीर कधीतरी सापडतोच. म्हणून लाख कोटी बिटांत एखादीच चूक चालवून घ्यायची, तर त्याच्या सरासरी पसाऱ्याच्या चौदापट जागा राखून ठेवावी लागते. पण दोन टेकड्या म्हणजे उशिराला कारण आहे. इथे शून्य-एक ठरवायची पातळी मधोमध नव्हती. त्यामुळे सिग्नल चढताना ती एका वेळी ओलांडायचा आणि उतरताना भलत्याच. एकाआड एक कड उशिरा! पातळी सरकवली आणि टेकड्या एकमेकींत मिसळल्या. त्या मुलीची मी माफी मागितली. आवाज जरा बारीकच होता.

घरी आलो तो थेट कॅलेंडरपाशी. चौकटीच्या कागदावर महिन्याच्या वेळा मांडल्या. एक टेकडी सात-चारला, दुसरी सात-पंचवीसला, मधे सपाट मैदान. आणि एक दिवसाआड!

दुसऱ्या दिवशी बाईंना विचारलं. त्या आधी घाबरल्या, मग म्हणाल्या, "दादा, आमच्याकडं एक दिवसाआड पाणी येतं. पावणेसातला. भरून ठेवल्याबिगर कशी निघू?"

"मग सांगायचं नाही का?" आई म्हणाली.

"आजी, तुम्ही इचारलंच नाही."

आईने चष्मा काढून पुसला. मग पेन्सिल घेतली आणि पुढच्या महिन्याच्या एकाआड एक चौकटीत साडेसात लिहून ठेवलं. दोनशे रुपयांचा विषय त्यानंतर निघाला नाही. मी अर्थातच चार दिवस शेजाऱ्यापाजाऱ्यांना आलेख दाखवत हिंडलो.

महिनाअखेरीस आईने कॅलेंडर पुन्हा पुढ्यात ठेवलं. या वेळी नोंदी शाईने होत्या, आणि संध्याकाळच्या होत्या. माझ्या घरी येण्याच्या.

"काढ याचं चित्र."

काढलं. एकच टेकडी, चांगली ऐसपैस, रात्री साडेदहापर्यंत उतरत गेलेली.

"दोन टेकड्या नाहीत?"

"नाहीत."

"म्हणजे कारण काही नाही," असं म्हणत आईने स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली, "अहो बाई, पगार कुणाचा कापायचा, ते सापडलं बरं का!"