दांड्या आणि आडव्या रेघा

आमची आयर्लंडमधली मुले टिन व्हिसल, फिडल वाजवतात ती पाश्चात्त्य स्वरलिपी वाचून. आजीची गाणी मात्र ऐकीव. म्हणून आम्ही ती संगणकावर लिहून देतो.

स्वर बरोबर उतरतात, पण दांड्या जोडणाऱ्या आडव्या रेघेने दोन-दोन स्वर बांधले, की दादऱ्याचा डौल जातो. भातखंडे लिपीत ३-३ मात्रांचे खंड उभी रेघ दाखवते; इथे ते काम ही आडवी रेघ करते. सुरुवातीला ३/४ ऐवजी ६/८ लिहावे. गट तीन-तीनचे पडतात, अगदी आयरिश जिगसारखे.

मधल्या ओळीखालच्या स्वराची दांडी वर, वरच्याची खाली. उलटी पडल्यास म्यूझस्कोरमध्ये स्वर निवडून ‘एक्स’ दाबावा.

कागद नेटका असला, तर आजीच्या गाण्याची चाल नातवंडांच्या हातात मोडत नाही.