प्रोफाइलचा फोटो आणि कासचं पठार
वय उलटत चाललंय म्हणून मित्राने डेटिंग ॲपवर खातं काढून दिलं. म्हणाला, "फिरतीचे फोटो टाक, नाहीतर कोण बघतंय?"

सप्टेंबरात कासला गेलो, पिशवीत तीन शर्ट घेऊन! तेरड्याच्या गुलाबी गालिच्यात बसायला पाय टाकला, तोच राखणीला असलेल्या मावशी ओरडल्या, "बाळा, तुडवलेलं फूल परत उठत न्हाय!"

लाज वाटली. जांभ्या कातळावर मातीचा जेमतेम पातळ थर, त्यावर हे सगळं उगवतं. पश्चिम घाटाबरोबर कास २०१२ पासून जागतिक वारशात आहे, पण राखायचं आपल्यालाच ना?

शेवटी मावशींनीच पायवाटेवर काढलेला फोटो लावलाय. मागे फुलं उभी आहेत. सातारकरांनो, एवढं तरी पाळूया.