भंडारदऱ्याची उजवी प्रदक्षिणा

अकोले

चि. भाचेबुवांस,


नवी गिअरची सायकल आली, आता पहिली लांबची फेरी कुठे काढू, असं तू विचारलं आहेस. नाशिककरांना सायकलचं वेड नवं नाही. 2015 साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ पुरी करणारे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू तुमच्याच गावचे. पण ती शर्यत. झोप मोडून पळायचं काम. भटक्याचा रस्ता वेगळा. त्याला चढ हवा, पण ऊर फुटेल इतका नको, आणि मुख्य म्हणजे वाटेत थांबायला कारणं हवीत. असा रस्ता तुमच्या उंबऱ्याशीच आहे. भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालणारा.

हा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. 1986 साली ते जाहीर झालं. क्षेत्र सुमारे 361 चौरस किलोमीटर. उत्तरेला 1,646 मीटर उंचीचं कळसूबाई, दक्षिणेला हरिश्चंद्रगड. अभयारण्य म्हटलं की जीप, गाईड आणि वाघ डोळ्यांपुढे येतात. इथे त्यातलं काही शोधू नये. गावं अभयारण्याच्या आतच आहेत. महादेव कोळी आणि ठाकर मंडळी सखल जागी भात आणि उतारावर नाचणी-वरई करतात, रानातला हिरडा गोळा करून विकतात. ज्या डांबरावरून सायकलवाले हौसेनं जातात, तो त्यांचा बाजाराचा आणि दवाखान्याचा रस्ता आहे. कडेला वाळत घातलेलं धान्य दिसलं तर सायकल हातात धरून पुढे जावं.

फेरी शेंडीहून सुरू होते. तिथलं विल्सन धरण 1926 साली पुरं झालं. उंची सुमारे 82 मीटर. इथे अडवलेली प्रवरा खाली कालव्यांनी जाते आणि उसाला मिळते. वरच्या गावांवर पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तरी उन्हाळ्यात बायाबापड्यांच्या डोक्यावर हंडे असतात. कातळ पाणी धरत नाही, हे एक कारण. साठा दुसऱ्यांसाठी बांधला गेला, हे दुसरं.

धरण उजव्या हाताला ठेवून निघालं की मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत आणि पुन्हा शेंडी. पन्नास किलोमीटरच्या आत-बाहेर. सपाटी फारशी नाही. ओढ्यापर्यंत उतरायचं आणि पलीकडे पुन्हा चढायचं, हेच दिवसभर. बरेच जण उलटे, घाटघरकडून फिरतात. पण रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर सकाळी, मोटारी यायच्या आत बघावं, म्हणून उजवी प्रदक्षिणाच बरी. मंदिर शिलाहार राजा झंझानं बांधलं असं सांगतात. खांबांवर, छतावर कोरीव काम इतकं दाट की बोट ठेवायला कोरी जागा सापडत नाही. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंडी बुडून जाते. बाहेरची पुष्करणी मात्र अनेकांच्या नजरेतून सुटते. पायऱ्या उतरून गेलं की चारी बाजूंनी देवळासारखे कोनाडे आणि त्यांत मूर्ती. प्रवरा मागच्या रतनगडावरच उगम पावते.

साम्रदला सांदण दरी आहे. सायकलचे बूट घालून तिच्यात शिरू नये. घाटघरला कड्याच्या टोकावर जरूर थांबावं. खाली थेट शहापूर तालुका. इथला 250 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प मजेशीर आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी पंपानं वर चढवतात, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करतात. चढ चढून दमलेल्या सायकलवाल्याला हा हिशोब चटकन पटतो. पुढे परतताना डावीकडे अलंग, मदन, कुलंग दिसत राहतात आणि शेवटी कळसूबाई.

आता काजव्यांविषयी. मे अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत इथे हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडं काजव्यांनी लखलखतात आणि त्यामागे मोटारींची रांग लागते. काजव्याचं चमकणं म्हणजे नर-मादीचा संकेत. हेडलाइटच्या झोतात तो विरून जातो. अंडी आणि अळ्या जमिनीवर, पालापाचोळ्यात असतात; झाडाखाली फोटोला उभं राहिलेलं माणूस पुढच्या वर्षीचे काजवेच तुडवत असतं. सायकलला इंजिन नाही, धूर नाही, हे खरं, पण हल्लीचे सायकलचे दिवेही डोळे दिपवतात. त्या दिवसांत अंधार पडल्यावर सायकल बाहेर काढूच नये.

दुसरा दिवस हाताशी असेल तर राजूरवरून पाचनई गाठावी. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं हे गाव. रस्ता जास्त चढाचा, पण गर्दी कितीतरी कमी. मुक्काम गावातल्या घरीच करावा; भाकरी, पिठलं आणि मिळाला तर काळभात. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असे गावठी वाण जपले, त्यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली.

सामानाचं थोडक्यात सांगतो. मागचं सगळ्यात मोठं दातेरी चक्र 34 दातांचं असलं तर पाय वाचतील. दोन ट्यूब, पंप, चेन जोडायची कडी जवळ हवी. शेंडी सोडली की सायकलचं दुकान नाही. ओल्या मातीचा चिखल ब्रेकचे पॅड झपाट्यानं खातो, म्हणून निघण्यापूर्वी ते तपासून घे. वेफर्सची पाकिटं आणलीस तर रिकामी परत ने.

आषाढात येऊ नकोस. दहा हातांवरचं दिसत नाही. सप्टेंबर सरता सरता सोनकी पिवळी फुलते आणि रस्तेही सुकतात. तेव्हा ये, आणि शनिवार-रविवार सोडून ये.

तुझा
मामा